एक आज्ञा, ४० सर्व्हर : आधी ठरवा कोणाला द्यायची



सर्व्हर सांभाळून देण्याच्या व्यवसायाबद्दल आपण चॅनेलवर बोलतोय. ज्यांनी व्हिडिओ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शहरातलं हॉस्पिटल, कोचिंग क्लास, साड्यांचं ऑनलाइन दुकान, सीएचं ऑफिस, या प्रत्येकाची वेबसाइट नाहीतर सॉफ्टवेअर कुठल्यातरी सर्व्हरवर चालत असतं आणि तो सांभाळायला त्यांच्याकडे माणूस नसतो. आपण महिन्याच्या ठरलेल्या पैशांत ते काम अंगावर घेतो. अपडेट टाकणं, बॅकअप होतोय का बघणं, डिस्क भरत आली तर आधीच हालचाल करणं, असं सगळं.

चार-पाच सर्व्हर असतात तोवर हाताने भागतं. एका सर्व्हरच्या अपडेटला १२ मिनिटं धरा, ५ सर्व्हरना एक तास. पण धंदा वाढला आणि सर्व्हर ४० झाले की तेच काम ८ तासांचं होतं. अख्खा दिवस गेला. शिवाय विसाव्या सर्व्हरवर पोचेपर्यंत आपण काय टाइप करतोय याकडे लक्ष राहत नाही, हे वेगळंच. म्हणून ॲन्सिबल, सॉल्ट, पपेट अशी टूल वापरायची. काम एकदा लिहून ठेवायचं, टूल ते सगळ्या सर्व्हरवर जाऊन करून येतं.

टूल बसवायचं कसं ते व्हिडिओत झालंय. इथे मला त्याच्या पुढचा मुद्दा लिहायचाय. नवीन मुलं सगळा अभ्यास "आज्ञा काय द्यायची" याचा करतात. आज्ञा कोणाला जाणार, याचा विचार शेवटच्या मिनिटाला होतो. आणि धंदा बुडायचा तर तो इथे बुडतो. चुकीची आज्ञा एका सर्व्हरवर गेली तर एका ग्राहकाची माफी मागून काम होतं. अगदी बरोबर आज्ञा नको त्या ४० सर्व्हरवर गेली तर फोन उचलायलाही माणसं पुरणार नाहीत.

मोठ्यांच्या घरी काय झालं ते बघा

अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर व्यवहारातली बडी कंपनी होती. जुलै २०१२ च्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीचा नवीन कोड चढवायला घेतला. त्या प्रणालीचे सर्व्हर होते ८. कोड चढला ७ वर. आठवा राहिला. दुसऱ्या कोणी तपासलं नाही, कारण दुसऱ्याने तपासायचं असा लेखी नियमच नव्हता. १ ऑगस्टला बाजार उघडला. नवीन कोड चालू करायला जी खूण वापरली होती तीच खूण पूर्वी एका जुन्या, कित्येक वर्षं बंद ठेवलेल्या कोडची होती. सात सर्व्हर व्यवस्थित वागले, आठव्यावर तो जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरवर ऑर्डर टाकत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअर्समध्ये ४० लाखांच्या वर व्यवहार झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेला.

यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग पुढे आहे. गडबडीत त्यांना वाटलं की बिघाड नव्या कोडमध्येच असणार. म्हणून बरोबर चालणाऱ्या ७ सर्व्हरवरून त्यांनी नवा कोड काढून टाकला. आता आठच्या आठ चुकीचं वागायला लागले! कुठल्या सर्व्हरवर काय आहे याची खात्रीची यादी समोर नसली की माणूस असंच करतो. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि बाजार नियामकाने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड लावला तो वेगळा.

तिथे एक सर्व्हर राहून गेला. ॲमेझॉनकडे उलटं झालं. २८ फेब्रुवारी २०१७ ला त्यांच्या एस-थ्री सेवेतल्या एका माणसाला बिलिंगशी संबंधित थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते. ठरलेल्या पद्धतीनेच आज्ञा दिली, पण त्यातली एक नोंद चुकीची टाइप झाली आणि ठरवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. व्हर्जिनियातल्या त्या विभागावर अवलंबून असलेल्या असंख्य वेबसाइट काही तास अडकल्या. त्याच्या महिनाभर आधी, ३१ जानेवारी २०१७ ला, गिटलॅबच्या एका इंजिनिअरला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसायची होती. पुसली गेली मुख्य सर्व्हरवरची. सेकंद-दोन सेकंदांत त्याने हात आवरला, तेवढ्यात सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते.

टूल कुठलं होतं हा इथे मुद्दाच नाही. पुसायची आज्ञा पुसण्याचंच काम करत होती, काढायची आज्ञा काढण्याचंच. पत्ता चुकला.

यादी म्हणजे तुमची खतावणी

उदाहरणासाठी मी ॲन्सिबल घेतोय. २०१२ मध्ये आलेलं हे मुक्त-स्रोत टूल आहे, २०१५ मध्ये त्यामागची कंपनी रेड हॅटने विकत घेतली. वापरायला पैसे पडत नाहीत. समोरच्या लिनक्स सर्व्हरवर वेगळा एजंट बसवावा लागत नाही. एसएसएचने आत जाता आलं आणि तिथे पायथन असलं की झालं. सुरुवात करणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. तुमच्याकडे विंडोज लॅपटॉप असेल तर ॲन्सिबल डब्ल्यूएसएलमध्ये चालवा, थेट विंडोजवरून ते चालत नाही.

ॲन्सिबलमध्ये सर्व्हरच्या यादीला इन्व्हेंटरी म्हणतात. दुकानदाराची इन्व्हेंटरी म्हणजे माल, आपली इन्व्हेंटरी म्हणजे ग्राहकांची खतावणी. साधी मजकुराची फाइल असते. चौकटी कंसात ग्रुपचं नाव, त्याखाली एका ओळीत एक सर्व्हर. असं (खरी नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत देतोय) :

[वेब]
आपला-वेब-१
रुग्णालय-वेब-१
साडी-वेब-१
क्लास-वेब-१

[डेटाबेस]
रुग्णालय-डेटा-१
साडी-डेटा-१

[रुग्णालय]
रुग्णालय-वेब-१
रुग्णालय-डेटा-१

बघा, "रुग्णालय-वेब-१" दोन ठिकाणी आलाय. येऊ दे. एक सर्व्हर हवा तेवढ्या ग्रुपमध्ये असू शकतो, आणि खरी ताकद त्यातच आहे. आयपी पत्ते नुसते लिहून ठेवू नका. १४ ने संपणारा कोणाचा आणि ४१ ने संपणारा कोणाचा हे रात्री अकरा वाजता आठवत नाही. नाव माणसाला कळेल असं द्या आणि आयपी त्याच्या पुढे वेगळ्या रकान्यात द्या, तशी सोय आहे. ग्रुपच्या नावात मात्र फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर ठेवा. डॅश टाकलात तर टूल कुरकुर करतं.

दोन ग्रुप न सांगता तयार होतात. "ऑल" म्हणजे सगळे, आणि "अनग्रुप्ड" म्हणजे कुठल्याच ग्रुपात न बसलेले. या दुसऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही. महिन्यातून एकदा त्याची यादी काढा. ती रिकामी आली पाहिजे. त्यात कोणी सापडला तर तो तुमचा आठवा सर्व्हर समजा. पैसे घेताय, पण अपडेट त्याच्यापर्यंत पोचत नाहीये.

ग्रुप पाडायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न, सर्व्हर काय काम करतो : वेब, डेटाबेस, बॅकअप. दुसरा, तो कोणाचा आहे. तिसरा, तो चाचणीचा आहे की ग्राहकाचं रोजचं काम त्यावर चालतं. हे तीन बहुतेक सगळे करतात, त्यावर फार बोलत नाही.

चौथा प्रश्न माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात मोलाचा आहे आणि तांत्रिक पुस्तकं वाचून तो सुचत नाही : हा सर्व्हर बंद कधी चालेल?

सीएचं ऑफिस घ्या. दर महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ ची, २० तारीख जीएसटीआर-३बी ची. त्या दिवसांत त्यांचा सर्व्हर पाच मिनिटं रीस्टार्ट केलात तरी ओरडा होईल. कोचिंग क्लासला रात्री हात लावला तर चालतं, पण प्रवेशाच्या दिवसांत नाही. साडीवाल्याला मंगळवारी दुपारी काही फरक पडत नाही, दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे मात्र हात जोडून लांब राहायचं. आणि हॉस्पिटलची तर बंद वेळ अशी नसतेच. तिथे आधी फोन, त्यांच्या माणसाचा होकार, मगच काम.

म्हणून ग्रुप असे पाडा : "रात्री_चालेल", "रविवारी_चालेल", "विचारून_करा". कुठलंही टूल हे तुम्हाला सांगणार नाही, ग्राहकच सांगणार. कोटेशन देतानाच विचारा आणि करारात लिहून घ्या. "महिन्यातून एकदा, रविवारी पहाटे २ ते ४, रीस्टार्ट करण्यास ग्राहकाची संमती आहे" ही एक ओळ तुमची कितीतरी भांडणं वाचवेल. करारातली ओळ आणि इन्व्हेंटरीतला ग्रुप एकमेकांशी जुळले पाहिजेत. ग्राहकाने वेळ बदलून घेतली की दोन्ही ठिकाणी बदल, त्याच दिवशी.

लिनक्सच्या प्रकारानुसारही ग्रुप लागतो. उबुंटूवर अपडेटची पद्धत वेगळी, रेड हॅटच्या घराण्यात वेगळी. जुन्या सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. असे सर्व्हर अजून कोणाकडे असतील तर त्यांचा वेगळा ग्रुप पाडा, कारण त्यांना अपडेट नुसतं चालवून काही मिळणार नाही. तिथे स्थलांतराचं कोटेशन द्यायचं आहे. ग्रुपची यादी ही अशी विक्रीची यादीही असते, हे विसरू नका.

"ऑल" ग्रुपला काय द्यायचं? जे प्रत्येकाला लागूच आहे तेवढंच. एक उदाहरण देतो. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सर्व्हरची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवायची आहेत, लॉग १८० दिवसांचे राखायचे आहेत, आणि ठरवून दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. घड्याळ आणि लॉग या दोन गोष्टी "ऑल"च्या खात्यात लिहिल्या की नवा सर्व्हर यादीत आला आणि प्लेबुक चाललं की त्यालाही त्या लागू होतात. एखाद्या ग्रुपला वेगळं मूल्य हवं असेल तर ते ग्रुपच्या फाइलमध्ये लिहा. "ऑल"पेक्षा ग्रुपचं मूल्य वरचढ ठरतं आणि ग्रुपपेक्षा त्या एकट्या सर्व्हरचं. बरोबरीच्या दोन ग्रुपांत तीच गोष्ट दोन तऱ्हेने लिहिलीत तर नावाच्या वर्णक्रमात नंतर येणारा ग्रुप जिंकतो. असली कोडी स्वतःला घालून घेऊ नका. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहा.

जोडा, गाळा, वगळा

ग्रुप तयार झाले. आता त्यातून नेमके सर्व्हर उचलायचे. ॲन्सिबलमध्ये त्याला तीन चिन्हं पुरतात.

वेब:डेटाबेस म्हणजे दोन्ही ग्रुपांतले सगळे.

वेब:&रात्री_चालेल म्हणजे जे वेबमध्येही आहेत आणि रात्री चालेल यातही आहेत, तेवढेच.

वेब:!रुग्णालय म्हणजे वेबमधले सगळे, हॉस्पिटलचे सोडून.

तिन्ही एकत्रही लिहिता येतात. तुम्ही कुठल्याही क्रमाने लिहा, टूल आधी बेरीज करतं, मग दोन्हींत असलेले ठेवतं आणि शेवटी वगळायचे ते वगळतं.

दिसायला सोपं आहे. पण यात दोन खड्डे आहेत, आणि दोन्ही मुकाट्याने पाय मोडतात.

पहिला खड्डा अवतरणचिन्हांचा. & या चिन्हाला लिनक्सच्या शेलमध्ये स्वतःचा अर्थ आहे : "इथपर्यंतची आज्ञा मागे चालू ठेव आणि पुढे जा." तुम्ही लिमिटच्या पुढे वेब:&चाचणी असं उघडं लिहिलंत, तर शेल & पाशी आज्ञा तोडतं. टूलला मिळतं फक्त "वेब:". म्हणजे काय झालं? तुम्हाला चाचणीचे दोन सर्व्हर हवे होते, आज्ञा निघाली सगळ्या वेब सर्व्हरकडे. ! चंही असंच आहे, शेल त्याचा वेगळा अर्थ लावू शकतं. म्हणून ही निवड कायम एकेरी अवतरणचिन्हांत लिहायची : 'वेब:&चाचणी'. एकच ग्रुप असला तरी. हाताला सवय लागू दे.

दुसरा खड्डा स्पेलिंगचा. समजा तुम्ही 'ऑल:!रुग्णलय' लिहिलंत. एक काना राहिला. या नावाचा ग्रुप यादीत नाही. टूल थांबेल असं तुम्हाला वाटेल. नाही थांबत. "असं काही सापडलं नाही, दुर्लक्ष करतोय" अशी एक सूचना पडद्यावर येते आणि काम पुढे सुरू. वगळायला कोणी सापडलंच नाही म्हटल्यावर उरले कोण? सगळे. हॉस्पिटलसकट. ज्याला वाचवायला तुम्ही ती खूण लिहिलीत, नेमका तोच सापडला.

याच्यावर दोन उपाय. ॲन्सिबलच्या सेटिंगमध्ये इन्व्हेंटरीच्या भागात "होस्ट पॅटर्न मिसमॅच" अशी नोंद आहे, तिचं मूल्य मूळचं "वॉर्निंग" असतं. ते "एरर" करून टाका, मग अनोळखी नाव दिसलं की टूल जागीच थांबेल. दुसरा उपाय सवयीचा आहे आणि मला तो जास्त पटतो. वगळून काम करूच नका, निवडून करा. "हॉस्पिटल सोडून सगळे" असं लिहिण्यापेक्षा "रात्री_चालेल" या ग्रुपला आज्ञा द्या. निवडताना स्पेलिंग चुकलं तर कमी सर्व्हरवर काम होतं, किंवा होतच नाही. वगळताना चुकलं तर जास्त सर्व्हरवर होतं. आपल्याला कुठली चूक परवडते ते आपणच ठरवायचं.

आज्ञा सोडण्याआधी

एक कागद घ्या. हो, कागदच. त्यावर लिहा : आज किती सर्व्हरवर काम होणार आहे. आकडा लिहून झाल्यावरच --लिस्ट-होस्ट्स हा पर्याय लावून तीच आज्ञा चालवा. हा पर्याय काही बदलत नाही, फक्त कोणकोणत्या सर्व्हरवर काम होणार ते छापतो. कागदावर ११ आणि पडद्यावर ११ असेल तर नावांवरून एकदा नजर फिरवा आणि पुढे जा. पडद्यावर १२ आले तर थांबा, बारावा कोण ते शोधा. "एवढं काय त्यात" असं म्हणायचं नाही. आधी पडद्यावर आकडा बघितला की डोकं लगेच म्हणतं, "हो, एवढेच असतील." म्हणून आकडा आधी कागदावर.

प्लेबुक लिहिताना वर "होस्ट्स : ऑल" लिहून ठेवायची आणि चालवताना --लिमिट लावायची, ही पद्धत बरीच जणं वापरतात. मला ती आवडत नाही. एक दिवस घाईत लिमिट लावायची राहते. त्यापेक्षा होस्ट्सच्या जागी एक रिकामं नाव ठेवा, जे आज्ञा देताना भरावंच लागेल. भरलं नाही तर टूल चूक दाखवून बंद होतं. विसरलात तर काहीच होणार नाही, अशी रचना हवी.

--चेक लावून रंगीत तालीमही करता येते. सोबत --डिफ लावलं की कुठल्या फाइलमध्ये काय बदलेल ते दिसतं. तालीम जरूर करा, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. थेट शेलच्या आज्ञा जिथे लिहिल्यात त्या पायऱ्या तालमीत गाळल्या जातात, त्यामुळे तालीम स्वच्छ आणि प्रयोगात गडबड असं होऊ शकतं.

एकदम सगळ्यांवर नाही

ॲन्सिबल मूळ सेटिंगमध्ये एका वेळी ५ सर्व्हरवर हात चालवतं. याला फोर्क्स म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की हीच सुरक्षितता. तसं नाहीये. पहिली पायरी पाच-पाच करत सगळ्या ४० वर होते, मग दुसरी पायरी सगळ्यांवर. काही पायरी वाईट असेल तर तुम्हाला कळेपर्यंत ती सगळीकडे पोचलेली असते.

आपल्याला हवं ते "सीरियल". प्लेबुकमध्ये सीरियल लिहिलं की टूल सर्व्हरच्या तुकड्या पाडतं आणि एका तुकडीचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत संपवूनच पुढच्या तुकडीला हात लावतं. तुकड्या चढत्याही देता येतात : आधी १, मग ५, मग बाकीचे. पहिल्या तुकडीतला एकुलता एक सर्व्हर पडला तर पूर्ण तुकडीच पडली असं धरून टूल तिथेच थांबतं, बाकीचे ३९ शाबूत राहतात. दुसऱ्या तुकडीत मात्र पाचातला एक पडला तर उरलेल्यांचं काम चालूच राहतं. तिथेही थांबायला हवं असेल तर "मॅक्स फेल पर्सेंटेज" शून्य करा.

मग पहिल्या तुकडीत कोणाला उभं करायचं? टूल साधारणपणे यादीतल्या क्रमाने जातं. वरच्या यादीत मी "आपला-वेब-१" सगळ्यात वर का ठेवला ते आता कळलं असेल. स्वतःच्या वेबसाइटचा सर्व्हर पहिला. पडला तर आपला पडेल.

ॲमेझॉनने त्या प्रकारानंतर हेच केलं. माणसांना "नीट टाइप करा" एवढंच सांगून ते थांबले नाहीत. सर्व्हर हळूहळूच निघतील आणि किमान क्षमतेच्या खाली जायची वेळ आली तर टूलच अडवेल, असा बदल त्यांनी टूलमध्ये केला.

काम संपल्यावर शेवटी हिशोब छापून येतो : किती जमलं, किती बदललं, किती सर्व्हर पोचण्यापलीकडे, किती ठिकाणी चूक. "पोचण्यापलीकडे"चा रकाना आधी वाचा. तिथला एकेक आकडा म्हणजे एकेक नाइट कॅपिटलचा आठवा सर्व्हर. त्यांची नावं लिहून ठेवा आणि सर्व्हर चालू झाल्यावर फक्त त्यांच्यावर काम परत चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच प्लेबुक पूर्ण ग्रुपवर तालमीच्या पर्यायाने पुन्हा चालवून बघा. नीट लिहिलेलं प्लेबुक असेल तर "बदललं"च्या रकान्यात सगळीकडे शून्य यायला हवं. जिथे शून्य नाही, तिथे कालचं काम लागलेलं नाही किंवा रात्रीतून कोणीतरी हात घातलाय.

सॉल्ट घेतलं तर?

सर्व्हर शेकड्यांत जाणार असतील किंवा आज्ञा क्षणात पोचायला हवी असेल तर काही जण सॉल्ट घेतात. त्यात प्रत्येक सर्व्हरवर मिनियन नावाचा छोटा प्रोग्राम बसतो आणि तो तुमच्या मास्टरशी जोडलेला राहतो. तिथे नुसत्या नावावरून निवड करता येते, आणि "*" लिहिलं की सगळे. ही चांदणी फार झटकन टाइप होते, जपून! सर्व्हर स्वतःबद्दल जी माहिती सांगतो (लिनक्स कुठलं, मेमरी किती) तिला ग्रेन्स म्हणतात, त्यावरूनही निवडता येतं. एक लक्षात ठेवा, ग्रेन्स सर्व्हर स्वतः सांगतो. ग्राहकाकडे त्या सर्व्हरचा मुख्य पासवर्ड असेल तर तो ती माहिती बदलू शकतो. म्हणून पासवर्ड, किल्ल्या असल्या गोष्टी कोणाला पाठवायच्या हे ग्रेन्सवरून ठरवू नका. ते मास्टरकडे ठेवलेल्या पिलरमध्ये सर्व्हरच्या नावाने लिहा. तुकड्या पाडायची सोय सॉल्टमध्येही आहे. सुरुवातीला ४०-५० सर्व्हरपर्यंत मी तुम्हाला ॲन्सिबलच सुचवेन.

ग्राहक सोडून गेला की

इन्व्हेंटरी फाइल गिटमध्ये ठेवा, म्हणजे कोणी कधी काय बदललं ते दिसतं. दोन माणसांची टीम असली तरी यादीतला बदल दुसऱ्याने बघितल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. पासवर्ड मात्र त्या फाइलमध्ये उघडे लिहायचे नाहीत. ॲन्सिबलची व्हॉल्ट नावाची सोय आहे, ती वापरा.

नवीन ग्राहक आला की यादीत नाव लगेच चढतं, कारण पैसे येणार असतात. गेलेल्याचं नाव उतरवायला कोणाला उत्साह नसतो. मे महिन्यात करार संपला, ऑगस्टमध्ये तुम्ही "वेब" ग्रुपवर अपडेट सोडलं आणि त्यांच्या सर्व्हरवर तुमची जुनी किल्ली अजून चालतेय. सर्व्हर रीस्टार्ट झाला. आता तो तुमचा ग्राहक नाही आणि तुम्हाला तिथे जायची परवानगीही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं आणि त्याचं काम बिघडवणं, दोन्ही येतं, नुकसानभरपाईसकट. "चुकून यादीत राहिलं होतं" हे तिथे सांगत बसावं लागेल.

दुसरी शक्यता आणखी विचित्र आहे. क्लाउडवरचा सर्व्हर ग्राहकाने बंद केला की त्याचा आयपी पत्ता पुढे भलत्याच कोणाला मिळू शकतो. यादीत तो पत्ता तसाच असेल तर तुमचं टूल तिसऱ्याच माणसाच्या दारावर टकटक करणार. समोरच्या सर्व्हरची ओळख बदलली की एसएसएच इशारा देऊन थांबतं. पण तो इशारा त्रास देतो म्हणून बंद करून ठेवायचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो. तो ऐकू नका.

म्हणून शेवटचं बिल पाठवायच्या दिवशी तीन कामं एकत्र करा : आपली किल्ली त्यांच्या सर्व्हरवरून काढा, त्यांचे सर्व्हर यादीतल्या प्रत्येक ग्रुपमधून काढा, आणि दोन्ही झाल्याचा ईमेल ग्राहकाला पाठवून त्याची पोच घ्या. नाव एका ग्रुपातून काढलं आणि दुसऱ्यात राहिलं असं सर्रास होतं. फाइलमध्ये त्या ग्राहकाचं नाव शोधून बघा, एकही ओळ सापडता कामा नये.